गोड बोला, नाहीतर म्यूट

आमच्या सोसायटीत ज्याला जे थोडंफार येतं, ते त्याच्या गळ्यात पडतं. पहिल्या मजल्यावरचे काका वीजमंडळातून निवृत्त झाले, म्हणून लिफ्ट अडकली की लोक त्यांची बेल वाजवतात. ते मंडळात हिशेब खात्यात होते, हे त्यांनी सगळ्यांना सांगून झालंय. मी पगारपत्रकांच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट बघते, म्हणजे महिनाअखेरीला ‘माझी रजा बिनपगारी का दाखवली’ अशा तक्रारींचे फोन घेते. एवढ्या भांडवलावर मुलांच्या माइनक्राफ्ट सर्व्हरची ॲडमिन मी झाले. मुलं मला ॲडमिनकाकू म्हणतात. त्यांच्या आयादेखील हल्ली तसंच म्हणायला लागल्यात.

ज्यांच्या घरात हे प्रकरण अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचा खेळ. स्टॉकहोमच्या मोजांग कंपनीने 2011 मध्ये तो पूर्ण स्वरूपात बाजारात आणला आणि 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून ती कंपनी घेतली. एवढ्या पैशांत जे हाती आलं त्यात मुख्यतः माती, दगड आणि मेंढ्या आहेत. मुलं खणतात, बांधतात, रात्र झाली की राक्षसांपासून पळतात आणि हिरे सापडले की भांडतात. एकत्र खेळायचं तर सर्व्हर लागतो. आमचा सर्व्हर म्हणजे माझा जुना लॅपटॉप. तो डोंबिवलीच्या आमच्या घरात चपलांच्या स्टँडवर, राउटरला टेकून बसलेला असतो. आमच्या विंगमधली, समोरच्या विंगमधली आणि माझ्या नणंदेची स्टुटगार्टमधली अशी सगळी पोरं त्यात एका वेळी नांदतात. बोलायला चॅट आहे. एका खेपेला 256 अक्षरं. मराठी भांडणाला तेवढी पुरत नाहीत, म्हणून खेपा वाढतात.

प्रकरण सुरू झालं नाताळच्या सुट्टीत. बी विंगच्या काकूंनी पालकांच्या ग्रुपवर चॅटचा स्क्रीनशॉट टाकला आणि खाली लिहिलं, ‘हे आपल्या सोसायटीचे संस्कार!’ त्यातल्या आक्षेपार्ह शब्दावर त्यांनी गुलाबाचं फूल चिकटवलं होतं. झालं, सगळे फुलाखाली काय आहे ते विचारायला लागले. काकू सांगेनात; तो शब्द लिहिणं त्यांच्यात बसत नव्हतं. मग लोकांनी अंदाज बांधले. ते अंदाज वाचून दोन जणींनी ग्रुप सोडला. मूळ शब्द ‘बावळट’ होता, हे मला लॅपटॉपवरच्या लॉग फाइलीत सापडलं. पण तोवर चेअरमनसाहेब मैदानात उतरले होते. ‘वहिनी, याला फिल्टर बसवून टाका. खर्च काय येतो ते कळवा, तीन कोटेशनं मागवू.’

फिल्टर फुकट मिळतो. जगभरातले उत्साही लोक या खेळासाठी हजारो प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडायचे छोटे प्रोग्राम, लिहून ठेवतात. त्यातलं एक उतरवून घ्यायचं, प्लगइनच्या फोल्डरमध्ये टाकायचं, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा. मूल काही बोललं की ते वाक्य सगळ्यांना दिसण्याआधी प्लगइनच्या हातात येतं. त्यानं ते वाचायचं, आणि पुढे सोडायचं, झाकायचं की गिळायचं ते ठरवायचं. एकाच वाक्यावर अनेक प्लगइन टपलेली असतात, म्हणून त्यांच्यात सहा पायऱ्यांची उतरंड लावलेली आहे. शेवटच्या पायरीवरच्या प्लगइनने नुसतं बघायचं, कशाला हात लावायचा नाही, असा शिरस्ता आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेतही अशी एक पायरी हवी होती, असं मला फार वाटतं.

काय झाकायचं ते एका सेटिंगच्या फाइलीत लिहावं लागतं. या फाइलीत ओळ किती आत सरकवली त्याला अर्थ असतो, आणि ती स्पेस देऊनच सरकवावी लागते. टॅब दाबलेला तिला खपत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. ठिपके मोजून रांगोळी काढावी तशी ती फाइल भरायची, आणि एक ठिपका हलला की प्लगइन पूर्ण रुसतं. वर तक्रार अशा ओळीची करतं, जिचा काहीही गुन्हा नसतो.

प्लगइनबरोबर इंग्रजी शिव्यांची तयार यादी आली होती. वाचून माझं इंग्रजी बरंच सुधारलं. मराठीची पाटी मात्र कोरी. मी पालकांना कळवलं, की मुलांच्या तोंडी असतील-नसतील ते शब्द मला वैयक्तिक पाठवा, नाव गुप्त ठेवलं जाईल. एका वडिलांनी लिहिलं, ‘तुम्हाला माहीतच आहेत.’ हे कौतुक होतं की काय, ते कळलं नाही. एकीने पहिलं अक्षर आणि पुढे तीन टिंबं, अशी आब राखून यादी पाठवली. आता या फाइलीत टिंब म्हणजे ‘इथे कुठलंही अक्षर चालेल’. तिचं ‘भ’ आणि तीन टिंबं जशीच्या तशी लिहिली असती तर भाकरी, भगवंत आणि भाऊबीज एका झटक्यात बंद झाले असते.

खरी मदत केली ती दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी. ते एसटीत कंडक्टर होते, चार-पाच जिल्ह्यांत नोकरी झालेली. त्यांनी मला घरी बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, ‘वही काढ पोरी. डेपोवार घेऊ.’

मग त्यांनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. आधी मिरज पट्टा. मग कऱ्हाड. प्रत्येक शब्दाला संदर्भ. हा गाडी लेट झाल्यावरचा. हा खास सुट्ट्या पैशांवरून. हा दारात लोंबकळणाऱ्याला, पण तो वयाने मोठा असेल तर नाही. एक शब्द सांगून ते थांबले, म्हणाले, ‘हा दोनदा लिही. एकदा रागाचा, आणि एकदा शेवटी “रे” लावून, मैत्रीतला.’ कोकणात शिरल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला. ‘ही शिवी नाही गं. मालवणकडे माणूस भेटला की आधी हे. नाही म्हटलं तर समजायचं, रागावलाय. ही बंद करू नकोस, गावाकडचं कुणी खेळत असेल तर बिचाऱ्याला बोलायलाच काही उरणार नाही.’ आतून त्यांच्या सूनबाईंनी मिक्सर लावला होता. नवा डेपो आला की मिक्सरचा वेग वाढायचा. निघताना मी स्वयंपाकघरात डोकावले, तर रिकामं भांडं फिरत होतं.

वही घरी आणून मी सगळं टंकलं. रोमन लिपीतही टंकलं, कारण मुलं मराठी रोमन अक्षरांतच लिहितात. देवनागरी त्या चॅटमध्ये उमटते, पण वेलांटी भलत्या बाजूला जाऊन बसते आणि जोडाक्षरं मोडतात. सावध राहायचं म्हणून ‘शब्दाच्या पोटातही शोधा’ ही सोय चालू ठेवली. प्लगइनच्या कर्त्याची तशी शिफारसच होती. तीन अपराध झाले की दहा मिनिटं म्यूट.

पहिल्या संध्याकाळी पहिला म्यूट झाला तो बी विंगच्या काकूंचा मुलगा. त्याने लिहिलं होतं, ‘मी सुरक्षित घर बांधलं.’ ‘सुरक्षित’ रोमन लिपीत लिहा आणि शेवटची चार अक्षरं बघा. मुलाने आपलं म्हणणं समजलं नाही असं वाटून ते पुन्हा लिहिलं. मग ‘अपेक्षित’ असा काहीतरी भारदस्त शब्द वापरायला गेला आणि गेलाच. या नियमाने ‘सुशिक्षित’ माणूसही अर्धा झाकावा लागतो. त्यानंतर धडाधड विकेटी पडल्या. ‘तिथे’ गेलं, त्याची पहिली तीन रोमन अक्षरं इंग्रजीत चारचौघांत म्हणण्यासारखी नाहीत. हिरे कुठे आहेत ते सांगायचं तर ‘तिथे’ वाचून मराठी माणसाने काय करावं? ‘फुकट’ गेलं, आणि त्याबरोबर सर्व्हरवरची निम्मी अर्थव्यवस्था. ‘म्हणाला’ आणि ‘आणला’ या दोघांच्या पोटात एकच इंग्रजी शब्द दडलेला निघाला, तो मी सांगत नाही. परिणाम असा, की एरवी ‘कोण म्हणाला?’ ‘तू म्हणालास!’ असं चालणारं साधं भांडण आता चांदण्यांनी भरलेलं दिसायला लागलं. ‘कोण म्ह****आ?’ ‘तू म्ह****आस!’ वाचणाऱ्याला वाटावं, पोरं पार हाताबाहेर गेलीत.

नवीन काही नाही म्हणा. 1996 मध्ये अमेरिका ऑनलाइनच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना खातं उघडू दिलं नव्हतं, कारण गावाच्या नावात चार अक्षरं अशी लागोपाठ आली होती की फिल्टरला लाज वाटली. या दुखण्याला पुढे त्या गावाचंच नाव पडलं. एवढ्या वर्षांत त्यावर सरसकट औषध निघालेलं नाही. माझ्याकडून चपलांच्या स्टँडवर ते निघेल, अशी चेअरमनसाहेबांची अपेक्षा होती.

अर्धमुर्धं औषध आहे. शब्दाच्या दोन्ही टोकांना एक खूण लावायची, की हा शब्द सुटा आला तरच धर. रोमन यादीला खुणा लावल्या, ‘तिथे’ सुटलं, ‘फुकट’ सुटलं, मुलांनी जल्लोष केला. त्याच ओघात देवनागरी यादीलाही लावल्या, तर आजोबांची अख्खी वही निकामी! हा खेळ जावा या भाषेत लिहिलेला आहे, आणि जावाच्या 19 व्या आवृत्तीपासून ही खूण मूळ सेटिंगमध्ये फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि खालची रेघ यांचीच कड ओळखते. देवनागरी शब्दाला तिच्या लेखी टोकच नसतं. खूण लावा, तर काहीच सापडत नाही; काढा, तर पोटातलं सगळं सापडतं. कऱ्हाड डेपोचं सगळं वैभव चॅटमधून राजरोस वाहू लागलं, आणि ते वापरायला मुलांना आजोबांचाच नातू शिकवत होता.

यापेक्षा मोठा घोळ जनावरांचा. मराठीत मुलांनी मुलांना द्यायच्या शिव्या काढल्या तर त्यात निम्मं गोठ्यातलं निघतं. पालकांनी पाठवलेल्या यादीत गाढव होतं, डुक्कर होतं, कुत्रा होता, मेंढरू होतं. आणि माइनक्राफ्टच्या जगात नेमकं काय चरतं? गाढवं, डुकरं, कुत्रे आणि मेंढरं. ‘माझं गाढव हरवलं, कुणी पाहिलं का?’ असं डोळ्यांत पाणी आणून विचारणाऱ्या तिसरीतल्या मुलीला प्लगइनने ताकीद दिली. कुणीतरी आणखी ‘दगड’ आणि ‘ठोकळा’ हे शब्द पाठवले होते. अहो, तो संपूर्ण खेळ दगड आणि ठोकळे यांचा आहे! ते बंद केले तर पोरांनी नुसतं एकमेकांकडे बघत उभं राहायचं.

शब्दांवरून आकड्यांवर आले. मुलांनी अनोळखी माणसाला फोन नंबर देऊ नयेत म्हणून दहा आकडे दिसले की अडवायची सोय असते. ती चालू करणं मला अगदी रास्त वाटलं, अजूनही वाटतं. पण या जगात पत्ता आकड्यांत सांगतात: पूर्वेला किती, उंचीवर किती, दक्षिणेला किती. 2021 च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून हिरे खोल पाताळात, उणे 59 च्या आसपास जास्त मिळतात. एकाने लिहिलं, ‘1250 -59 3380’. मोजा आकडे. प्लगइनच्या मते पोरगा मोबाइल नंबर वाटत सुटला होता.

यावर पोरांनी तोडगा काढला, पत्ते अक्षरांत लिहायचे. तेही मराठीत, कारण इंग्रजी आकडे लिहिता लिहिता 256 अक्षरं संपतात. ‘बाराशे पन्नास, उणे एकोणसाठ’ असा निरोप गेला. इंग्रजी माध्यमातली सगळी गँग फावडी घेऊन निघाली आणि खणत खणत जगाच्या तळाशी आदळली. या जगाचा तळ उणे 64 ला आहे, त्याखाली काही नाही, आणि ही मंडळी एकोणसाठ म्हणजे एकोणसत्तर समजून अजून पाच मजले खाली जायला बघत होती. त्या रात्री आमच्या इमारतीत निदान तीन आज्यांना ‘एकोणसाठ म्हणजे फिफ्टी काय?’ असा प्रश्न आला. मराठी वाचवा म्हणून जे काय उपक्रम चालतात त्यांना मी हे प्लगइन सुचवणार आहे.

टिंबांचं तर विचारूच नका. दुसऱ्या सर्व्हरच्या जाहिराती येऊ नयेत म्हणून प्लगइन वेबपत्तेही अडवतं. शब्द, टिंब आणि पुढे कुठल्याही देशाची दोन अक्षरं दिसली की तो पत्ता समजायचा. आमच्यातल्या एका मुलाच्या लॅपटॉपची स्पेसबार त्याच्या धाकट्या बहिणीने कोकम सरबतात बुडवली आहे. तो बिचारा दोन शब्दांमध्ये टिंब देतो. ‘हिरे.दे’ म्हणाला; ही दोन अक्षरं जर्मनीची. ‘थांब.रे’ म्हणाला, ती रियुनियनची, हिंदी महासागरातलं फ्रेंच बेट आहे ते. ‘बोल.ना’ म्हणजे नामिबिया. मैत्रिणीला ‘ये.ग’ म्हणायला गेला तर गॅबन. पोरगा काकुळतीला येऊन विनवण्या करत होता, आणि प्लगइनच्या नोंदीप्रमाणे तो आफ्रिकेची सहल करत होता. मी वैतागून देशांची यादी हाताने भरायला घेतली, तर नॉर्वे आत जाईना. नॉर्वेची दोन अक्षरं ही फाइल ‘नाही’ असं उत्तर समजून वाचते. अवतरणचिन्हांत कोंडल्यावर नॉर्वे देश झाला.

हे सगळं होईपर्यंत, ज्यांना खरोखर शिव्या द्यायच्या होत्या ती मुलं काय करत होती? ती चॅटमध्ये बोलतच नव्हती. या खेळात पाट्या लिहिता येतात, पुस्तकं लिहिता येतात, ऐरणीवर नेऊन वस्तूंना नावं ठेवता येतात. प्लगइन राखण करतं ते चॅटच्या दारावर. बटाटावडा_07 नावाने खेळणाऱ्या पोराने शांतपणे एक तलवार घडवली, तिला आजोबांच्या वहीतलं, मिरज पट्ट्यातलं, सुट्ट्या पैशांवरचं एक संबोधन नाव म्हणून दिलं, आणि शत्रूला गाठून ठार केलं. आता या खेळात कुणी मेलं की खेळ स्वतःच सगळ्यांना जाहीर करतो: अमक्याला तमक्याने अमुक तलवारीने मारलं, आणि तलवारीचं नाव चौकटी कंसात. शिवी पोराने दिलीच नव्हती. शिवी स्टॉकहोमहून अधिकृतपणे प्रसिद्ध झाली होती. मी त्याला जाब विचारला तर म्हणाला, ‘काकू, मी तर काहीच बोललो नाही. मी मारलं फक्त.’ यात तो आपली बाजू भक्कम करत होता.

इकडे ग्रुपवर वेगळीच कुरबुर. चांदण्या वाईट दिसतात, असं म्हणणं पडलं. चेअरमनसाहेबांना त्या पिवळ्या पुस्तकांसारख्या वाटत होत्या. कसली पिवळी पुस्तकं, असं त्यांच्या मिसेसनी ग्रुपवरच विचारलं आणि तो विषय तिथे संपला. चांदण्यांऐवजी एखादा चांगला शब्द आपोआप येईल, अशी सोय प्लगइनमध्ये होतीच. बी विंगच्या काकूंनी सुचवलं, ‘संक्रांत जवळ आलीये, “तिळगूळ” ठेवा. गोड बोला हा संदेशही जातो.’ सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. ठराव मंजूर.

फिनलंडच्या कंपनीचा हॅबो हॉटेल नावाचा एक जुना ऑनलाइन खेळ आहे. तिथे वाईट शब्दाच्या जागी फिल्टर ‘बॉबा’ असं काहीतरी निरर्थक टाकायचा. काही काळाने खेळणारे लोक आपण होऊनच ‘बॉबा’ म्हणायला लागले. हा इतिहास मी ग्रुपवर लिहिला होता. त्यावर कुणीतरी पाणी किती वाजता येणार ते विचारलं.

तिळगूळ सुरू झाला आणि पहिले दोन दिवस पोरं नुसती हसत सुटली. ‘तू तिळगूळ आहेस.’ ‘तुझं अख्खं खानदान तिळगूळ.’ प्लगइन मुळातला शब्द बदलायचं आणि मागचा प्रत्यय तसाच सोडायचं, त्यामुळे ‘अरे तिळगूळच्या’ असा एक अत्यंत जहाल प्रकार तयार झाला, जो ऐकून मला आजही दचकायला होतं. तिसऱ्या दिवसापासून मुलं मधल्या यंत्रणेला त्रास देईनाशी झाली. थेट ‘तिळगुळ्या’ असंच लिहायला लागली. हा शब्द यादीत नव्हता, तो प्रामाणिकपणे पुढे जायचा. लॉग फाइलीत प्लगइनच्या नावावर एकही कारवाई दिसेना. कागदोपत्री आमचा सर्व्हर महाराष्ट्रातला सर्वांत सभ्य सर्व्हर असावा. स्टुटगार्टहून नणंदेचा फोन आला, की लेक शाळेत एका जर्मन मुलाला काहीतरी म्हणाली, बाईंनी बोलावून अर्थ विचारला, तर तीळ आणि गूळ निघाला. बाईंनी उलट खाऊची पाककृती मागितली आहे, ती पाठव.

संक्रांतीला क्लबहाउसमध्ये हळदीकुंकू होतं. बी विंगच्या काकू दाराशी काळी चंद्रकळा नेसून, हलव्याचे दागिने घालून, स्टीलचा डबा घेऊन उभ्या. मुलं रांगेने आली. काकूंनी पहिल्याच्या हातावर वडी ठेवली आणि भरल्या गळ्याने म्हणाल्या, ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला.’ रांगेत कुणाच्या तरी नाकातून आवाज निघाला. पहिला मुलगा कसाबसा सरकला. दुसरीने ओठ आत घेऊन वडी घेतली. तिसरा बटाटावडा_07. त्याने वडी घेतली, काकूंच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, ‘काकू, तुम्हीच तिळगूळ.’

रांग जमिनीवर पडली. म्हणजे अक्षरशः, एक जण कोपऱ्यातल्या कॅरमबोर्डाखाली गेला. काकूंनी त्याचा गालगुच्चा घेतला. ‘किती गोड आहे मेला!’ म्हणाल्या, आणि शेजारणीला पुन्हा एकदा सांगितलं, मला तिळगूळ म्हणाला. शेजारीण मुलांच्या चॅटमध्ये काय चालतं ते रोज वाचणारी होती. ती वाण घेऊन लगबगीने दुसऱ्या टेबलाकडे गेली. खुलासा त्यांना रात्री घरी, त्यांच्या मुलाकडून झाला.

दुसऱ्या दिवशी तातडीची बैठक. तिळगूळ यादीत टाका, अशी काकूंची मागणी. म्हणजे तिळगूळ म्हटलं की त्याच्या जागी तिळगूळ येईल आणि मुलाला शिक्षा होईल, हे मी समजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, होऊ दे. दुसरा शब्द शोधायचं ठरलं. कुणी ‘मित्र’ म्हणालं, कुणी ‘सॉरी’. एकाने ‘मेंटेनन्स भरा’ हे सुचवलं, तो खजिनदार होता. एसटीचे आजोबा कोपऱ्यात खुर्चीवर बसून चिवडा खात होते. म्हणाले, ‘काहीही ठेवा. आमच्या डेपोत सगळ्यात घाण शिवी “साहेब” होती.’ चेअरमनसाहेबांना हे आवडलं नाही. त्यांनी घसा साफ केला आणि अध्यक्षांच्या अधिकारात सांगितलं, की ‘नमस्कार’ ठेवा. या शब्दाला कुणी बोट लावू शकत नाही, आणि रोज वापरला तर सवयही लागेल.

मी ठेवला. फाइलीतली ती ओळ स्पेस मोजून आत सरकवली, सर्व्हर पुन्हा चालू केला.

परवा चेअरमनसाहेबांनी मला जिन्यात थांबवून मुद्दाम अभिनंदन केलं. मुलांना वळण लागलंय म्हणाले. हल्ली लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, कुठेही भेटली तरी आपण होऊन त्यांना ‘नमस्कार’ म्हणतात. बटाटावडा तर दोनदा म्हणाला, आणि दुसऱ्या वेळी चक्क मागे वळून.